पाचगणीचा बॅण्ड आणि माळ्यावरची गिटार

दहावीचं वर्ष लागलं की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एक ठरलेला कार्यक्रम होतो. टीव्हीचं रिचार्ज बंद. मोबाइल बाबांच्या कपाटात. मामाच्या लग्नालाही पोरगी फक्त अक्षता टाकण्यापुरती. आणि तिनं कधी हौसेनं गिटार नाहीतर कीबोर्ड घेतलेला असेल, तर तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर. 'दोन वर्षांनी काढू' असं सगळेच म्हणतात. पण दहावीमागे बारावी येते, 'नीट' येते, होस्टेल येतं, मग लग्न येतं. गिटार खाली उतरते ती एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत, तारा गंजून गेलेल्या असताना. मग भंगारवाल्याशी घासाघीस.

मी अकोल्यात राहते. बुलडाणा, वाशीम, यवतमाळकडची पोरं-पोरी शिकवणी वर्गांसाठी इथं खोल्या करून राहतात. सकाळी अंधारात पाठीवर दप्तर घेऊन निघतात, रात्री मेसचा डबा खाऊन पुन्हा पुस्तकात. त्यांच्या मेहनतीला मी नावं ठेवणार नाही. कोरडवाहू शेतीच्या घरातली पोरगी डॉक्टर झाली तर सगळं घर वर येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं भांडण फक्त त्या माळ्याशी आहे. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास असतात, त्यातला एक तास गाण्याला दिला तर पोरगी वाया जाते, हे कोणी ठरवलं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय तो एका इंग्रजी बॅण्डमुळे. आपल्याकडे बॅण्ड म्हणजे लग्नाचा, लाल कोट आणि झिरमिळ्यांचा. लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले तेव्हा साड्यांच्या ट्रंकेत तळाशी कॅसेट्स होत्या. 'ह्या माझ्या आवडत्या बॅण्डच्या' असं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माय वं, ब्यांडाच्या वरातीची कोनी क्यासेट ठेवते काय?" त्यांचंही बरोबरच होतं.

तो बॅण्ड म्हणजे 'क्वीन'. मी बी.ए.ला होते, १९९७ साल असावं. गल्लीत 'बॉर्डर' आणि 'दिल तो पागल है' वाजत होतं आणि मामेभावानं पुण्याहून, तिथे तो इंजिनीअरिंगला होता, ही कॅसेट आणली. आमच्या घरात एकच टेपरेकॉर्डर, तो स्वयंपाकघराच्या खिडकीत. पोळ्या लाटता लाटता मी ती लावली. आईनं दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "हा काहून एवढा कोकलून राह्यला वं? पोट दुखून राह्यलं काय त्याचं?" आणि मी मात्र लाटणं हातात धरून तशीच उभी. शब्द अर्धेही कळले नव्हते. पण एकच माणूस एका गाण्यात आधी हळू रडतो, मग नाटकातल्यासारखा भांडतो, मग दहा माणसांच्या तोंडानं एकदम गातो, असं मी तोवर ऐकलेलं नव्हतं. ते १९७५ चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' होतं. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. एवढं लांब गाणं रेडिओवर लागणार नाही, असं कंपनीवाल्यांचं म्हणणं होतं, आणि ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. गाणारे तिघंच होते. आवाजावर आवाज चढवत, तीच टेप पुन्हा पुन्हा फिरवून त्यांनी तो समूह उभा केला, इतका की टेप झिजून आरपार दिसायला लागली म्हणतात. माझीही कॅसेट झिजली. पेन्सिल घालून किती वेळा गुंडाळली असेल!

पुढे मी त्यांचे जुने अल्बम मिळवले. कोणी मुंबईला जाणारं भेटलं की चिठ्ठी द्यायची. आणि माझं मत तेव्हापासून बदललेलं नाही : क्वीन ऐकावं ते सुरुवातीचं. नंतरची टाळ्या वाजवायची गाणी सगळ्यांना माहीत आहेत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये आणि क्रिकेटच्या मॅचमध्ये वाजतात. पण १९७४ चा दुसरा अल्बम घ्या. त्याच्या एका बाजूचं नाव पांढरी, दुसरीचं काळी. त्यात एवढे आवाज एकावर एक रचलेत की हे यंत्रानं केलं असणार असं वाटतं. पण त्या वर्षांत त्यांच्या अल्बमच्या कव्हरवर ते अभिमानानं छापायचे, की आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही. जे आहे ते गळा, हात आणि तारा.

बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं, की हा कोकलणारा गडी पाचगणीला शिकलेला. आपल्या साताऱ्याच्या पाचगणीला! मी ते कात्रण अजून जपून ठेवलंय.

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर, पारशी घरातला. वडील सरकारी नोकरीत. आठ वर्षांचा असताना त्याला बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. आई-बाप समुद्रापलीकडे. आठ वर्षांचं पोर म्हणजे आपल्याकडे अजून आईच्या हातानं भात खाणारं. त्या आईनं काय दगड ठेवला असेल छातीवर, हे आपण बायकांनीच समजायचं. सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे. वरचे दात पुढे आलेले, म्हणून पोरं चिडवायची, 'बकी' म्हणायची. तोंडात चार दात जास्तीचे होते. पुढे पैसा आला तरी त्यानं ते काढले नाहीत, आवाज बिघडेल म्हणून.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं, की पोरगा एकदा ऐकलेली चाल पियानोवर तशीच्या तशी वाजवतो. त्यांनी आई-बापांना पत्र लिहून कळवलं, की याला रीतसर संगीत शिकवावं, थोडी जास्तीची फी पडेल. आणि आई-बापांनी हो म्हटलं. मला वाटतं, क्वीनची खरी सुरुवात लंडनमध्ये नाही, त्या पत्रात आहे. नोकरदार बापानं परदेशातून फी भरायची आणि वर पियानोची फी! आपल्यातले किती जण भरतील? शाळेतून असं पत्र आलं तर आपण आधी विचारू, 'सर, याचे मार्क मिळतात काय?'

साधारण १९५८ मध्ये तिथं पाच पोरांनी मिळून बॅण्ड काढला, 'द हेक्टिक्स'. फारोख पियानोवर. मुख्य गाणारा तो नव्हताच, ब्रूस मरे होता. डेरिक ब्रांच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रम्सवर. आणि फरांग इराणीचा बास तर चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेला. रेडिओवर एल्विस प्रेस्ली नाहीतर क्लिफ रिचर्ड ऐकायचा आणि शाळेच्या समारंभात वाजवायचा. (हा क्लिफ रिचर्डही लखनौला जन्मलेला, बरं का!) शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या पोरी यांना ऐकायला यायच्या आणि ओरडायच्या, असं ते मित्र पुढे सांगत. म्हणजे फ्रेडी मर्क्युरीच्या पहिल्या फॅन कोण, तर पाचगणीच्या शाळकरी पोरी. लंडनच्या बायांआधी आपला नंबर लागतो!

या पाच जणांचं पुढे काय झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण 'बॅण्ड काढला तर पोरं वाया जातील' ही आपली भीती. ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला. राणा नेपाळच्या सैन्यात गेला, मोठा सेनाधिकारी झाला, संयुक्त राष्ट्रांच्या सायप्रसमधल्या शांतिसेनेचा प्रमुख होता. फरांग इराणींनी पुण्यात सिझलर्सचं हॉटेल चालवलं, पुण्याच्या पोरांनी तिथं रांगा लावल्या. मरेही इंग्लंडला गेला. पाचातला एकच जगभर गाजला. बाकीच्यांना बॅण्डनं काही दिलं नाही असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण काही हिसकावून घेतलं असं दिसत नाही. चहाच्या खोक्याचा बास वाजवणारा पोरगा सरळ चांगला हॉटेलवाला झाला.

हं, फ्रेडीचं शेवटच्या वर्षांत अभ्यासातून लक्ष उडालं, हेही त्याचे चरित्रकार लिहितात. ते लपवून मी माझी बाजू मांडणार नाही. पण लंडनला जाऊन तो ग्राफिक डिझाइन शिकला, कॉलेज पूर्ण केलं. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, हे कुटुंब दोन-चार बॅगा घेऊन इंग्लंडला पळालं, आणि तशा दिवसांतही पोरगा चित्रकलेच्या कॉलेजात गेला. पुढे क्वीनचं बोधचिन्ह त्यानंच काढलं.

आणि बाकीच्या तिघांची शिक्षणं तर आपल्या शिकवणी वर्गांनी फलकावर लावावीत अशी. ब्रायन मे भौतिकशास्त्रातला, पीएच.डी. करत होता. रॉजर टेलर दंतवैद्यकाला गेलेला, नंतर जीवशास्त्राची पदवी घेतली. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिल्या वर्गात पास. क्वीन सुरू झाला १९७० मध्ये, पण बास वाजवणारे तीन जण आले नि गेले, तेव्हा कुठे १९७१ मध्ये डीकन सापडला आणि चौकडी जमली. पहिली वर्षं हलाखीचीच. फ्रेडी आणि रॉजर केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचा ठेला चालवायचे. पहिला अल्बम आला १९७३ मध्ये. तो त्यांनी कसा ध्वनिमुद्रित केला? स्टुडिओत मोठे गिऱ्हाईक नसतील तेव्हाच्या उरल्यासुरल्या वेळात, बरेचदा रात्री. आपण बायका दुपारी दोन ते चार शिवणक्लास करतो ना, सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर, तसं. तो अल्बम फारसा चाललाही नाही.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे ब्रायन मेच्या गिटारची. विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून १९६३ मध्ये त्यानं वडिलांबरोबर ती घरीच करायला घेतली. दोन वर्षं लागली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं शंभर वर्षांपूर्वीचं लाकूड. मोटरसायकलच्या स्प्रिंगा. पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, आणि दांडीच्या टोकाला विणायच्या सुईचा तुकडा. तीच गिटार तो अजून वाजवतो. जॉन डीकननंही रस्त्यावरच्या कचऱ्यात सापडलेल्या सर्किटातून अॅम्प्लिफायर बनवला होता आणि तो त्यांच्या गाण्यांत वापरलाय. माझ्या बचत गटातल्या बायांना मी हे सांगितलं तर एकजण म्हणाली, "मंग आपल्यासारखेच हायेत की वो हे, जुन्याचं नवं करनारे."

त्याच वडिलांनी, ज्यांनी पोराला गिटार करून दिली, पोरानं बॅण्डसाठी पीएच.डी. सोडली तेव्हा बरेच दिवस राग धरला होता. स्वाभाविक आहे. न्यूयॉर्कला मोठ्या सभागृहातला कार्यक्रम पाहायला पोरानं त्यांना विमानानं नेलं, तेव्हा तो गेला. आणि ती पीएच.डी. ब्रायन मेनं २००७ मध्ये, साठीला पोचल्यावर पूर्ण केली. अवकाशातल्या धुळीवर. म्हणजे दोन्ही गोष्टी झाल्या. आपण म्हणतो, 'आधी शिक्षण, मग छंद.' त्यानं आधी छंद केला, शिक्षण मग केलं. आकाश कोसळलं नाही!

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सनं गेला. आजार त्यानं जाहीर केला तो आदल्या दिवशी. त्या आजारानं नवरा गेलेल्या बायांबरोबर मी काम केलंय, त्यांना गावानं काय काय ऐकवलं ते मला माहीत आहे. तो विषय एका परिच्छेदात उरकायचा नाही. पुन्हा कधी लिहीन.

आता आपल्या पोरींकडे येते. आमच्या वस्तीत दर उन्हाळ्यात आम्ही काही जणी मुलींसाठी शिबिर घेतो. गेल्या वर्षी त्यातून चार पोरी एकत्र आल्या. एकीकडे गिटार, एकीकडे कीबोर्ड, एक ढोलकी वाजवते आणि एक गाते. सगळ्या नववीच्या. नवरात्रात त्यांनी तीन गाणी केली. पहिलं जरा फसलं. गिटारवाली घाबरून पुढे पळाली, ढोलकी मागे राहिली. दुसऱ्या गाण्याला चौघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि ते एकत्र सुरू झालं. हे 'एकमेकींकडे बघणं' कोणत्या शिकवणीत शिकवतात? तिसऱ्या गाण्याला खुर्च्यांवरच्या आज्या ताल धरून होत्या.

जूनमध्ये दहावी लागली आणि गिटार माळ्यावर. आठवड्यात कीबोर्डही. गाणाऱ्या मुलीच्या वडिलांनी तर स्पष्टच सांगितलं, "पोरगी स्टेजवर चढली, एकदा झालं. आता सोयरिकीच्या लोकायनं पाह्यलं म्हंजे?" इथं खरी गोम आहे. पोरांची गिटार मार्कांसाठी माळ्यावर जाते, पोरींची दोन कारणांनी जाते, आणि दुसरं कारण कोणी मोठ्यानं बोलत नाही. त्या वडिलांनी निदान बोलून तरी दाखवलं.

गंमत अशी, की त्याच वस्तीत गणपतीत पोरी ढोल-पथकात वाजवतात आणि आपण कौतुकानं फोटो काढतो. श्रावणात शेवटच्या सोमवारी पूर्णेचं पाणी आणून राजराजेश्वराला कावडी येतात, तेव्हा अख्खं अकोला रात्रभर ढोलाच्या तालावर असतं. आपलं वऱ्हाड काही गाण्या-वाजवण्याला परकं नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली, मोझरी कुठे लांब आहे? देवासाठी वाजवलं तर चालतं, दहा दिवस चालतं. स्वतःसाठी, आनंदासाठी वाजवलं की ते 'धंदे' होतात.

मला तर आपली महिला भजनी मंडळं हेच आपल्या बायकांचे बॅण्ड वाटतात. हसू नका. सहा-आठ जणी, एकीकडे पेटी, एकीकडे ढोलकी, बाकीच्यांकडे टाळ, आणि एकसारख्या साड्या. पेटी कोणी वाजवायची यावरून रुसवे, एखादी सोडून जाते, नवी शोधावी लागते. तिकडेही दुसरं काय झालं होतं? माझ्या सासूबाई वीस वर्षं भजनी मंडळात होत्या. एकदा दुपारी माझी ती जुनी कॅसेट चालू होती, तिच्यातला एकावर एक चढलेला आवाजांचा तुकडा आला. भाजी निवडता निवडता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "यायच्यात मागचे धरणारे चांगले हायेत." वरातीचा ब्यांड म्हणणाऱ्या बाईनं नेमकं मर्म सांगितलं. मागचे धरणारे. आमच्या कॉलेजात कोणालाही ते सुचलं नव्हतं.

पण हे भजनी मंडळ आपल्या वाट्याला येतं चाळिशीनंतर, पोरं मार्गी लागली की. पंधरा ते चाळीस या मधल्या वर्षांत बाईनं गप्प बसायचं, अशी वाटणी आहे. आवाज असतो तेव्हा वेळ नसतो, वेळ मिळतो तेव्हा श्वास पुरत नाही.

म्हणून मी त्या चार घरी गेले. भाषण दिलं नाही. एवढंच मागितलं, की रविवारी दुपारी चार ते पाच, एक तास, आमच्या समोर, आमच्या जबाबदारीवर. स्टेजचं नंतर बघू. चाचणी परीक्षा असेल त्या रविवारी सुट्टी. ढोलकीवालीच्या आईनं लगेच हो म्हटलं, ती स्वतः बचत गटात आहे. कीबोर्डवालीच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ द्या ना, तसंही त्या वेळी ते झोपलेलीच असते." गिटारवालीच्या घरी सहामाही झाल्यावर सांगू असं उत्तर मिळालं. गाणारीच्या वडिलांनी चहा दिला, खुर्ची दिली, आणि विषय बदलला. मी त्यांना पाचगणीच्या मुख्याध्यापकांच्या पत्राची गोष्ट सांगून आलेय. पुन्हा जाणार आहे. तोवर दोघींवरच सुरू केलंय, आणि गाण्याचं काम मंडळातल्या एक काकू करतात, साठीच्या आहेत, आवाज खणखणीत.

जागा विठ्ठल मंदिराच्या मागच्या खोलीची आहे, मंडळाचीच. तिथली ढोलकीही वापरायला मिळते, फक्त पाचच्या ठोक्याला जागेवर ठेवावी लागते, कारण सव्वापाचला मंडळाचा सराव असतो. परवा पोरी दहा मिनिटं उशिरा थांबल्या. बाया टाळ घेऊन दारात उभ्या होत्या, आणि कोणी त्यांना उठा म्हटलं नाही.